डांगाणात, मुळेच्या उगमाकडे

भिंगारला नळाला पाणी यायचा दिवस असला की आमचं घर पहाटेच जागं होतं. आधी माठ, मग कळश्या, मग ड्रम आणि उरलंच तर अंगणातल्या जास्वंदीला. माझ्या सासूबाई तोटी सोडताना अजून हात जोडतात. "कुठून कुठून चालत येतं बाई हे," असं त्या एकदा म्हणाल्या आणि ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. नगर आणि भिंगार पितात ते मुळा धरणाचं पाणी. राहुरी तालुक्यात बारागाव नांदूरला हे धरण आहे, २६ टीएमसीचं, ज्ञानेश्वर सागर म्हणतात त्याला. तिथवर आम्ही नगरकर शाळेच्या सहलीपासून जात आलो आहोत. पण नदी काही धरणात जन्मत नाही. धरणाच्या वर ती कोणाच्या दारावरून येते, तिथं कोण राहतं, काय पिकवतं, काय खातं, हे बघायचं मी ठरवलं आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात तारकपूर स्टँडवरून संगमनेरची एसटी धरली.

जिल्हा आपला एकच, पण एका दिवसात माणूस दोन वेगळ्या मुलखांतून जातो. राहुरीला कृषी विद्यापीठ मागं पडलं की लोणी-प्रवरानगरपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस. सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात राज्यात याच पट्ट्यात झाली, आणि तिच्या मुळाशी आहे भंडारदऱ्याचं पाणी. १९१० साली काम सुरू होऊन १९२६ साली पुरं झालेलं ते २७० फूट उंचीचं दगडी धरण अकोले तालुक्यात, पार पश्चिमेच्या टोकाला आहे. त्याच्या कालव्यांनी खालचा मुलूख बागायती झाला. संगमनेर सोडून अकोल्याच्या पुढं निघालं की रस्ता चढायला लागतो. ऊस विरळ होतो, माती तांबूस होते, बांधावर सादडा, हिरडा, आंबा, करवंदाच्या जाळ्या दिसू लागतात. राजूरला पोचलं की हवाच बदलते. राजूर ही या डोंगरी मुलखाची बाजारपेठ. इथले पेढे प्रसिद्ध आहेत, आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय इथं आहे, आणि हिवाळ्यात इथं डांगी जनावरांचं मोठं प्रदर्शन भरतं. अकोल्याच्या या पश्चिम भागाला लोक डांगाण म्हणतात. तालुक्याची जवळपास निम्मी वस्ती आदिवासींची, त्यात सगळ्यात मोठा समाज महादेव कोळ्यांचा आणि त्यांच्या सोबतीला ठाकर.

कोळी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर होडी आणि जाळं येतं. महादेव कोळी हा त्यांच्याहून वेगळा, डोंगरातला शेतकरी समाज आहे. नगर, पुणे, नाशिक आणि ठाण्याकडच्या सह्याद्रीच्या रांगांत, घाटमाथ्यावर आणि त्याच्या खाली दोन्हीकडे, त्यांची गावं पसरली आहेत. २०११ च्या जनगणनेत राज्यात त्यांची संख्या १४ लाखांहून जास्त भरली. मराठेशाहीत किल्ले राखायचं, घाटवाटांवर चौकी-पहारा करायचं काम त्यांच्याकडे होतं. १८१८ नंतर इंग्रजांनी किल्ले मोडले, पहाऱ्याची कामं गेली, वतनांवर आणि नेमणुकांवर कात्री आली, आणि त्याच सुमारास सावकाराचा फास आवळत गेला. राघोजी भांगरे यांचं बंड या अडचणीतून उभं राहिलं. ते याच तालुक्यातल्या देवगावचे. सावकारांची खतं जाळत, कंपनी सरकारच्या फौजेला गुंगारा देत त्यांनी काही वर्षं हा सगळा डोंगर हलवून सोडला. अखेर पंढरपुरात ते पकडले गेले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं. १८५७ च्या नऊ वर्षं आधीची ही गोष्ट. आमच्या शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात मला ती कधी भेटली नव्हती. डांगाणात मात्र लहान पोरंही राघोजींचं नाव घेताना सरळ उभी राहतात.

या समाजावर लिहिणाऱ्यांत इंग्रज अधिकारी अलेक्झांडर मॅकिंटॉश अगदी पहिल्यांपैकी, पण मला जास्त भरवशाचे वाटतात ते डॉ. गोविंद गारे. ते स्वतः महादेव कोळी समाजातले. पुढं पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे ते संचालक झाले. घरातल्या माणसानं घराबद्दल लिहिलं की वेगळंच दिसतं.

राजूरहून आंबितमार्गे पाचनईकडं जाणाऱ्या जीपमध्ये आम्ही चौदा जण होतो. त्यात दोन बकऱ्या धरलेल्या नाहीत. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या भागात एका वाडीत माझी राहायची सोय झाली होती. रतनगड आणि हरिश्चंद्रगड यांच्या मधल्या डोंगररांगेतून जे ओढे निघतात त्यांचीच मुळा होते. पुढं ती आंबितच्या तळ्यातून, कोतुळावरून, बारागाव नांदूरच्या धरणात येते. जीपमधून उतरल्यावर मी पहिल्यांदा नदी शोधली. पात्रात पांढरे धोंडे होते आणि एका डोहात गुडघाभर पाणी, त्यात म्हशी बसलेल्या.

घर जुन्या धाटणीचं होतं. पुढच्या बाजूला सिमेंट आलंय, पण आतली भिंत अजून कुडाची. कुड म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यावर शेणामातीचा लेप. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि मग डोंगर जांभळे होतात. एरवी तिचं काम असं भिंत होऊन उभं राहण्याचं. आत चूल, चुलीच्या वर माळा. मान वर करून पाहिलं तर माळ्याच्या वाशाला मक्याची कणसं, नागलीची कणसं, दुधी भोपळा, काकडी बांधून लोंबकळत होती, धुरानं काळपट झालेली. मला वाटलं विसरून राहिली असतील.

"बी हाय ते," घरातल्या आजी म्हणाल्या. "धुराला किडा लागत न्हाई."

मग त्यांनी कोपऱ्यातलं एक मातीचं मडकं पुढं ओढलं. तोंडावर शेणाचा लेप. तो नखानं उकलला आणि हात आत घातला. राखेतून वालाचे दाणे निघाले, काही तपकिरी, काही काळे, काही पांढऱ्यावर लाल ठिपक्यांचे. त्यांनी ते तळहातावर पसरले आणि एकेकाला बोट लावून ओळख करून दिली. हा लवकर येतो, हा पाऊस लांबला तरी तग धरतो, हा चवीला बरा पण कमी येतो, ह्याची डाळ पोरं मागून खातात. दुकानाच्या पिशवीवर छापलेली माहिती असते ना, ती सगळी त्यांच्या बोटाच्या टोकावर होती. शेजारी कणग्या. एकीत काळभात, एकीत जिरवेल, एका लहानशीत वरई. काळभाताच्या साळीला काळं टरफल असतं, तांदूळ आतून पांढरा निघतो आणि शिजताना घरभर वास सुटतो.

हे बियाणं राखण्याचं काम याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशासमोर नेलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या राहीबाईंनी आपल्या घरात देशी बियाण्यांची बँक उभी केली, बाएफ संस्थेनं तिला शास्त्राची जोड दिली, आणि २०२० च्या पद्मश्रींच्या यादीत त्यांचं नाव आलं. त्यांना बीजमाता म्हणतात. पण आजींच्या घरात बसल्यावर माझ्या लक्षात आलं की राहीबाईंमागं अशा किती बायका आहेत. बी हे इथं बाईच्या ताब्यातलं धन आहे. पुरुष औत धरतो, कोणत्या कणगीतलं काय पेरायचं ते बाई ठरवते.

संध्याकाळी पाण्याला निघालेल्या बायकांबरोबर गेले. विहीर वाडीच्या खाली, उतारावर. जाताना बरं वाटलं. तळाशी पाणी झिरपत होतं. एक मुलगी आत उतरून वाटीनं हंडा भरत होती, बाकीच्या नंबर लावून बसलेल्या. हंडा भरायला तिला जितका वेळ लागला तितक्यात आमच्याकडं ड्रम भरतो. चढावर येताना माझ्या हातात फक्त एक कळशी होती आणि तीही मी दोनदा खाली ठेवली. माझ्या पुढची बाई डोक्यावर दोन हंडे घेऊन गप्पा मारत चालली होती.

पावसाचे आकडे ऐकले तर या विहिरीवर विश्वास बसत नाही. नगरला वर्षाकाठी साधारण साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस होतो. याच जिल्ह्यात घाटघर-रतनवाडीकडं तो चार-पाच हजारांच्या घरात जातो. पण इथला डोंगर काळ्या पाषाणाचा, उतार उभा, मातीचा थर पातळ. पडलेलं पाणी काही तासांत ओढ्याला आणि ओढ्याचं नदीला. मोठी धरणं बांधली गेली ती खालच्या शेतीचा आणि शहरांचा हिशेब धरून. डोंगरातल्या गावात पाणी अडवायचं तर लहान लहान बंधारे, टाक्या, झरे बांधून काढणं अशी कामं लागतात आणि ती सावकाश होतात. विहिरीवरच्या एका मावशींनी मला विचारलं, "बाई, तुमच्याकडं नळ हाय नव्हं?" मी हो म्हणाले. "मंग आमचंच पानी प्येता की तुम्ही," म्हणून त्या हसल्या. त्या हसण्यात राग नव्हता. मला मात्र ती कळशी जड झाली.

रात्री जेवायला नागलीची भाकरी, उडदाचं घुटं आणि खुरासणीची चटणी होती. घुट्याला आधी उडीद खमंग भाजून घेतात, मग आख्खेच शिजवून घोटतात, वर लसूण-मिरचीची फोडणी. भाकरी त्यात चुरून खायची. जेवण झाल्यावर आजींच्या नातवानं मला वाडीमागच्या सादड्यांकडं नेलं आणि बॅटरी विझवायला सांगितली. डोळे अंधाराला सरावले आणि झाड दिसू लागलं. आख्खं झाड काजव्यांनी भरलेलं, एकदम लुकलुकायचं, एकदम विझायचं, आणि ती लाट शेजारच्या झाडावर जायची. पहिल्या पावसाच्या आधीचे दोन-तीन आठवडे हे चालतं. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर ही त्यांची झाडं. हा उजेड म्हणजे नरांनी मादीला घातलेली साद असते, म्हणून तिथं दुसरा उजेड आला की त्यांचा संसारच मोडतो. भंडारदऱ्याच्या बाजूला काजवे बघायला आता रांगेनं गाड्या येतात, हेडलाइट झाडांवर पडतात. घरगुती जेवण, तंबू, वाटाड्या यांतून चार पैसे गावात राहतात, ते राहिलेच पाहिजेत. पण गाड्या वेशीबाहेर थांबवून पाहुण्यांना चालत न्यावं, एवढं गावानं ठरवलं तर शहरातल्यांनी ते मुकाट ऐकावं असं मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी शेतात राब पाहिला. पावसाच्या आधी खाचराच्या एका तुकड्यावर शेण, पालापाचोळा, झाडाच्या छाटलेल्या डहाळ्या थरानं पसरतात, वर बारीक माती टाकतात आणि वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवतात. तणाचं बी जळतं, राखेचं खत होतं आणि पहिल्या पावसावर तिथं भाताचं रोप टाकतात. आमच्याकडं बाजरी पेरली की पेरली. इथं भाताला आधी असं बाळंतपणाची खोली सारवावी तसं तयार केलेलं अंथरूण लागतं. जंगलातून मिळणाऱ्या पैशाचा मोठा भाग बाळहिरड्याचा. कोवळी फळं झोडून, अंगणात वाळवून विकतात. १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झालं तेव्हापासून जंगलात काय तोडावं, काय वेचावं याचे नियम आले. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गावांच्या हक्काला कागद दिला. तो कागद प्रत्येक हाती पोचवण्याचं काम अजून चालू आहे, आणि त्यासाठी तहसिलात खेटे घालणारी तरुण पोरं मी या वाडीत पाहिली.

तिसऱ्या दिवशी पाचनईच्या वाटेनं गडावर गेले. वर हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ एका घळीत उभं आहे, एकाच काळ्या दगडातून कोरल्यासारखं. जवळच्या केदारेश्वराच्या लेण्यात कमरेएवढ्या बर्फगार पाण्यात भलंमोठं शिवलिंग आहे. भोवतीच्या चार खांबांपैकी एकच धड उरला आहे. झंज राजानं बारा नद्यांच्या उगमापाशी बारा शिवालयं बांधली अशी या भागातली जुनी कथा आहे. प्रवरेच्या उगमाशी रतनवाडीचं अमृतेश्वर आणि इथं हे. कथा किती खरी ते राहू द्या. पाणी सुरू होतं ती जागा देवाची मानायची, ही बुद्धी ज्यांना झाली त्यांना मी त्या थंडगार लेण्यात मनापासून नमस्कार केला. देवळापासून निघणाऱ्या ओढ्याला मंगळगंगा म्हणतात. तिथं ओंजळीनं पाणी प्यायले.

या माणसांचा देवही त्यांच्यासारखाच स्वाभिमानी आहे. १६४६ मीटरचं कळसूबाईचं शिखर महाराष्ट्रात सगळ्यात उंच. कळसू ही कोळ्याची पोर. भांडी घासणार नाही, झाडलोट करणार नाही, या अटीवर ती एका घरी कामाला राहिली. एक दिवस तिला तेच काम सांगितलं, तेव्हा ती ते उरकून सरळ डोंगर चढून गेली आणि परत आली नाही. नवरात्रात बारी गावाकडून हजारो लोक तिच्या दर्शनाला चढतात.

मी परत गेले ती जुलैत, आवणी म्हणजे भाताची लावणी बघायला. आता त्याच रस्त्यावर काही दिसत नव्हतं. धुकं, पाऊस आणि सगळीकडून पाण्याचा आवाज. आंबितचं तळं जिल्ह्यात दरवर्षी पहिल्यांदा भरणाऱ्यांपैकी एक. ते सांडव्यावरून वाहत होतं. ज्या पात्रात मी धोंडे मोजले होते तिथं तांबडं पाणी उड्या मारत होतं. खाचरांत चिखलणी चालू होती आणि औताला डांगी बैल. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, कुणी पारा, कुणी बाहळा, कुणी मणेरी, अंगावरच्या रंगांवरून नावं. मी एका बैलाच्या पाठीवर हात ठेवला. धो धो पाऊस पडत होता आणि हाताला तेलकट लागलं. या जातीच्या कातडीतून तेलासारखा स्राव येतो, त्यामुळं पाणी अंगावर ठरत नाही, निथळून जातं. खूर काळे, टणक, चिखलात आणि कातळावर झिजत नाहीत. दुसरं कुठलंही जनावर इथल्या पावसात आठवडाभर उभं राहिलं तर आजारी पडेल. या गाई-बैलांची निवड इथल्या माणसांनी आणि इथल्या पावसानं मिळून पिढ्यान्‌पिढ्या केली आहे.

आवणी सावडीनं होते. आज तुमच्या खाचरात सगळे, उद्या आमच्या. मजुरीचा हिशेब नाही, दिवसाला दिवस. डोक्यावर इरली आणि प्लास्टिकचे कागद घेतलेल्या बायका वाकून ओळीनं मागं सरकत होत्या, रोपाची मूठ डाव्या हातात, उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं चिखलात. मीही तासभर लावलं. माझी रोपं आजींनी मागून येऊन न बोलता नीट केली. दुपारच्या जेवणात चढणीचे मासे होते. पहिल्या पुरात मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात तेव्हा पोरं ओढ्यात टोपल्या लावून बसतात. सोबत चाईची भाजी, भारंगीची भाजी, आणि त्या दिवशी कुणीतरी करटुलीही आणली होती. चार महिने बाजाराकडं बघावं लागत नाही, इतकं रान देतं.

दिवाळीत ये, असं सगळ्यांनी बजावलं. वसुबारसेला आपण गाय-वासराची पूजा करतो, इथं त्या दिवशी वाघबारस असते. गुराखी घरोघरून तांदूळ-दूध मागून वाघोबाच्या ठाण्यापाशी खीर शिजवतात, एकजण वाघ होतो, बाकीचे त्याला पिटाळतात. वर्षभर गुरं सांभाळून दे म्हणून वाघालाच हात जोडायचे. आणि उन्हाळ्यात बोहाडा, देवादिकांचे मुखवटे लावून संबळ-सनईवर रात्र-रात्र नाचलेली सोंगं. पण या दोन सणांच्या मधलं सांगताना घरातले मामा जरा थांबले. "दिवाळी झाली की गाव मोकळं व्हतं. जगाया जात्यात," ते म्हणाले. भात घरात आला की नारायणगाव, नाशिकच्या बाजूला कांदा-टोमॅटो-द्राक्षांच्या कामाला लोक निघतात. नारायणगावला पहाटे मजुरांचा बाजार भरतो, तिथं उभं राहायचं, जो नेईल त्याच्या शेतावर जायचं. घरी म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. त्या कामाला इथं नोकरी, मजुरी असलं नाव नाही. जगायला जाणं. भाषेनंच सगळं सांगून टाकलेलं आहे.

निघताना आजींनी लुगड्याच्या पदराचा तुकडा फाडून त्यात काहीतरी बांधलं. मी म्हटलं, काळभात का? त्यांनी मान हलवली. "भात तुमच्याकडं न्हाई व्हायचा, तेवढं पानी कुठं तुमच्याकडं. हा वाल घ्या. भितीच्या कडंला टोचा. भांड्याचं पानी पुरं त्याला."

परत येताना एसटीत कोतुळच्या दोन बाया बसल्या होत्या. त्यांच्यात पुलाखालून जाणाऱ्या पाण्याचीच चर्चा चालू होती. बारागाव नांदूर भरायला अजून किती दिवस लागतील, त्याचा अंदाज त्या बांधत होत्या. राहुरीपर्यंत पाऊस होता. नगर आलं तेव्हा रस्ता कोरडा.

वालाचे दाणे सात होते. नागपंचमीच्या आधी न्हाणीघराच्या मागच्या भिंतीला टोचले. सहा उगवले. सासूबाई भांडी विसळलेलं पाणी आता मोरीत सोडत नाहीत, बादलीत धरून ठेवतात. दसऱ्यापर्यंत वेल कौलांवर गेला आणि दिवाळीला पहिल्या शेंगा आल्या, जांभळ्या कडांच्या. त्यातल्या चार तोडायच्या नाहीत म्हणून मी त्यांना लाल दोरा बांधून ठेवला आहे. त्या वेलावरच वाळतील. आमच्याकडं चूल नाही, धूर नाही, पण राख मिळते.